लीलावतीपलीकडचे भास्कराचार्य

भास्कराचार्य म्हटले की आपल्याला ‘लीलावती’ आठवते. फैजीने 1587 मध्ये ती फार्सीत नेली, कोलब्रुकने 1817 मध्ये इंग्रजीत, ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ 1971 मध्ये मराठीत आले. पण लीलावतीत मुख्यतः नियम आणि उदाहरणे आहेत. नियम खरा का, हे सांगणारे भास्कराचार्य पाहायचे तर त्यांच्या मागे पडलेल्या ग्रंथांकडे जावे लागते.

त्यांत पहिला मान ‘वासनाभाष्या’चा. 1150 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’वर त्यांनी स्वतःच लिहिलेली ही गद्य टीका. श्लोकात न मावणारी उपपत्ती, म्हणजे नियमाची सिद्धता, इथे सविस्तर येते. गोलाच्या पृष्ठफळाचेच पाहा. आवळ्यावर असतात तशा उभ्या रेषांनी भास्कराचार्य गोलाचे 96 भाग करतात, ‘ज्या’ म्हणजे साइनच्या किमतींच्या आधारे एका भागाचे क्षेत्रफळ काढतात आणि परिघ गुणिले व्यास या उत्तराला पोचतात. घनफळासाठी ते गोलाच्या पोटात मध्यबिंदूकडे निमुळत्या होत जाणाऱ्या सूची कल्पितात.

या विवेचनात आठव्या शतकातील लल्लाचार्यांवर कठोर टीका आहे. लल्लांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणून गोलाचे पृष्ठफळ सांगितले होते. व्यास 14 घेतला, तर या रीतीने 6776 येतात. खरे उत्तर 616. आणि याच लल्लांच्या ‘शिष्यधीवृद्धिदतंत्रा’वर भास्कराचार्यांनी ‘विवरण’ नावाची टीका लिहिली आहे! ज्याचा ग्रंथ मन लावून उलगडला, त्याचीच चूक निःसंकोच दाखवली. विद्येतला हा प्रामाणिकपणा दोन्ही ग्रंथ एकत्र वाचल्यावरच पुरता कळतो.

तिसरा ग्रंथ ‘करणकुतूहल’, शके 1105 म्हणजे 1183 चा. सिद्धांतग्रंथात कल्प या प्रचंड कालखंडाच्या आरंभापासून दिवस मोजायचे, म्हणजे बारा आकडी अहर्गण (दिवसांची संख्या) हाताळायचा. करणग्रंथ जवळचा आरंभ धरतो, त्यामुळे पंचांगकर्त्याचे गणित आवाक्यात येते. एकोणसत्तराव्या वर्षी एवढ्या मोठ्या सिद्धांतकाराने रोजच्या आकडेमोडीची सोय पाहिली, हे मला फार मोलाचे वाटते. एस. बालचंद्र राव आणि एस. के. उमा यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर टिपांसह केले आहे. असे काम नुसत्या संस्कृतवर निभत नाही. श्लोकातले भूतसंख्येचे, म्हणजे संख्या सुचवणारे, शब्द आकड्यांत मांडावे लागतात, पाठभेद गणित करून पारखावे लागतात आणि निघालेले ग्रहांचे स्थान आजच्या गणिताशी ताडून पाहावे लागते.

या अभ्यासाची परंपरा आपल्याच मातीत आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील 1207 चा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि निकुंभ राजाने त्याला दान दिले. शं. बा. दीक्षितांनी 1896 मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून हा सारा वारसा मराठीत मांडला.

आता पुढचे पाऊल आपले आहे. विद्यापीठांतल्या गणित आणि संस्कृत विभागांनी एकत्र बसून ‘वासनाभाष्य’ आणि ‘करणकुतूहल’ मूळ पाठ, उपपत्ती आणि सोडवलेल्या उदाहरणांसह शाळेतल्या शिक्षकालाही समजतील अशा मराठीत द्यावेत. भास्कराचार्यांचा नुसता अभिमान पुरे झाला; आता त्यांची उपपत्ती फळ्यावर यायला हवी.