गावाची बातमी मोबाइलवर

गावात काही कळवायचे म्हणजे दवंडी, ही आपली जुनी रीत. कोतवाल हलगी वाजवत येई आणि "ऐका हो ऐका" म्हणे. माणसे दारात येऊन उभी राहत. शंका आली तर तिथेच विचारीत, "कुणी सांगितलं रे बाबा? कधी हाय?"

पण दवंडी वेशीपाशी थांबते. मुंबईला कामाला गेलेल्या पोराला ती ऐकू येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईलाही नाही. मोबाइल मात्र तिथवर पोचतो. म्हणून आम्ही म्हणतो, गावाने महिन्यातून दोनदा एक पान बातम्या लिहाव्यात, चावडीवर चिकटवाव्यात आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा.

तुम्ही म्हणाल, "आम्ही आत्ता कुठं लिहायला शिकलो. आम्हाला कसं जमंल?"

ऐका तर. उत्तर प्रदेशात चित्रकूट जिल्हा आहे. तिथे २००२ साली खेड्यातल्या बायांनी 'खबर लहरिया' नावाचे वर्तमानपत्र काढले. त्यांतल्या काही जणी नुकत्याच लिहायला शिकल्या होत्या. भाषा आपली घरचीच, बुंदेली. बातम्या रस्त्याच्या, पाण्याच्या, दवाखान्याच्या. गावोगाव जायचे, डोळ्यांनी बघायचे, चार माणसांना विचारायचे, मग लिहायचे. २००९ साली त्यांना युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी हातात मोबाइल घेतला. आता त्या बातमीचे चित्रण करतात आणि यूट्यूबवर, फेसबुकवर टाकतात. कागद सुटला, पण जाऊन बघण्याची रीत सुटली नाही.

आता आपण काय करायचे ते पाहू.

पहिली गोष्ट, तारीख. समजा, आपण लिहिले, "उद्या गुरांचा डॉक्टर येणार." हा निरोप फिरत फिरत शेजारच्या वाडीत चार दिवसांनी पोचला. तिथल्या माणसाने वाचले, "उद्या." तो बिचारा गाय घेऊन दोन कोस चालत आला. डॉक्टर तर केव्हाच येऊन गेला! म्हणून 'आज', 'उद्या' लिहू नये. "बुधवार, १२ जून, सकाळी ९ वाजता, मारुतीच्या देवळापाशी" असे लिहावे. गाव आणि तालुकाही लिहावा. एका नावाची गावे पुष्कळ असतात.

दुसरी गोष्ट, नाव. खाली लिहिणाऱ्याचे नाव हवे. बातमी कुणी सांगितली तेही हवे. शंका आली तर लोकांनी विचारायचे कुणाला?

तिसरी गोष्ट, फोटो. अक्षर मोठे काढावे. फोटो दिवसा, उजेडात काढावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीच बातमी बोलून, आवाज भरून पाठवावी.

चौथी गोष्ट, वार. ठरल्या वारीच पान पाठवावे. दिवसातून दहा निरोप आले, तर कामाचा निरोपही कुणी उघडत नाही. रोज मरे त्याला कोण रडे?

पाचवी गोष्ट, नंबर. ग्रुपमध्ये एकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. म्हणून विचारल्याशिवाय कुणाला ग्रुपमध्ये घेऊ नये. बायाबापड्यांना तर आधी विचारावेच.

आता एक गोष्ट जड मनाने सांगतो. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा गाव आहे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी तिथे पाच भटके भिक्षेकरी आले. लोकांना वाटले, हीच ती टोळी. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. ते निरपराध होते. ज्यांनी ज्यांनी तो निरोप पुढे पाठवला, त्यांनी थांबून विचारले असते, "हे कुणी पाहिलं? कुठल्या गावात? कोणत्या तारखेला?" तर?

फार हातांतून आलेल्या निरोपावर व्हॉट्सॲप दोन बाण दाखवते. २०२० सालापासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण निरोप खरा की खोटा, हे बाण सांगत नाहीत. ते आपणच पाहायचे.

आपल्या पानातही चूक झाली तर लपवू नये. आपला निरोप पुसता येतो, पण लोकांनी पुढे पाठवलेला पुसता येत नाही. म्हणून पुढच्या पानावर सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत चूक दुरुस्त करावी. त्याने पत जात नाही, उलट वाढते.

मग येत्या रविवारी चारपाच जण चावडीवर बसा. त्यांत दोघी बाया असू द्या. हापसा बंद आहे का? रेशन कधी येणार? ग्रामसभा कोणत्या तारखेला? जाऊन विचारा, बघा आणि लिहा. एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचून तपासावे. मगच पाठवावे.