दारू सोडूं पाहणाऱ्यांची सभा : ती कशी असते व कोठें शोधावी

जमीन कां विकली गेली, हें सात-बाराच्या उताऱ्यावर लिहिलेलें नसतें. फेरफाराच्या नोंदवहींत खरेदीखताची तारीख असते, रक्कम असते. परंतु महसूल खात्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आमच्यासारख्यांस नोंदीमागील कारण पुष्कळदां ठाऊक असतें. मावळांत धरणांसाठीं, द्रुतगति मार्गासाठीं व पुढें शहरवासीयांच्या बंगल्यांसाठीं जमिनी गेल्या, हातीं एकदम रोकड आली, आणि कित्येक घरांत ती रोकड व तिच्यामागून उरलेलीं खाचरें बाटलींत बुडालीं.

अशा घरचीं माणसें प्रथम देवाची शपथ घालतात, नाहीं तर मुलाचें लग्न उरकून टाकतात. लग्नानें दारू सुटल्याचें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. एका घराऐवजीं दोन घरें मात्र दुःखी होतात. माळेची गोष्ट निराळी. माळ घेऊन दारूस पुन्हा न शिवलेले गृहस्थ भंडारा डोंगराच्या आसपास आम्हीं पाहिले आहेत. आमच्या समजुतीप्रमाणें त्याचें एक कारण असें कीं, माळेबरोबर भजनी मंडळाची नित्याची सोबत मिळते. ज्याची सोबत सुटली, त्याची माळही फार दिवस टिकत नाहीं.

सोबतीचें हेंच तत्त्व १९३५ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन शहरीं दोन मद्यासक्त गृहस्थांस सांपडलें. बिल विल्सन हा शेअरबाजारांतील मनुष्य दारू सोडून कांहीं महिने झाले असतां व्यवहारांत अपयश येऊन त्या परक्या गांवीं एकटा पडला. पुन्हा पिण्याची ओढ लागली, तेव्हां बोलण्यासाठीं दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याचा त्यानें शोध केला. डॉ. बॉब स्मिथ नामक शस्त्रवैद्याची गांठ पडली, आणि उपदेशानें जें झालें नव्हतें तें समदुःखी माणसाच्या बोलण्यानें झालें. त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही मंडळी उभी राहिली. हिला लोक संक्षेपानें ‘एए’ म्हणतात. हिंदुस्थानांत तिचें कार्य १९५७ पासून चालूं आहे, व सभा मराठींतूनही होतात.

खुल्या सभेस कोणासही बसतां येतें. बंद सभा फक्त पिण्याची अडचण असणाऱ्यांसाठीं असते. आम्ही एका खुल्या सभेस बसलों होतों. तेथें ऐकलेलें बाहेर सांगूं नये असा दंडक असल्यानें केवळ रीत सांगतों. तास-दीड तास सभा चालते. नुसतें नांव सांगावयाचें, आडनांव नाहीं. हजेरीपट नाहीं, वर्गणी नाहीं. शेवटीं एक पिशवी फिरते, तींत सभासद खुषीनें पैसे टाकतात. बाहेरच्याची देणगी घेत नाहींत. ज्याला बोलावयाचें असेल तो स्वतःचें सांगतो, दुसऱ्यास उपदेश करीत नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. जन्मभराची प्रतिज्ञाही नाहीं. आजचा दिवस प्यावयाची नाहीं, इतकेंच.

सभांचे वार व जागा बदलतात, म्हणून येथें छापीत नाहीं. सरकारच्या व्यसनमुक्तीच्या १४४४६ या विनामूल्य दूरध्वनीवर चौकशी करावी. पुण्यांत येरवड्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलेलें मुक्तांगण आहे, तेथें विचारावें. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठींही तेथें बैठका होतात. पुणें व पिंपरी-चिंचवडकडे सभा अनेक ठिकाणीं भरतात, आणि लोणावळा, कामशेत, तळेगांव येथून लोकल गाडी सोयीची आहे. ‘आम्हांस कोणी पाहील’ ही अब्रूदार शेतकऱ्याची अडचण आम्ही जाणतों. त्यानें जवळची सभा सोडून दोन-चार स्टेशनें पुढची गांठावी. (गुत्त्याच्या दारांत पाहिलें गेल्याची लाज मात्र कोणास वाटलेली दिसत नाहीं !) लावणीच्या घाईंत एखादी सभा चुकली तर चुको, गटारीच्या संध्याकाळीं व भात विकून पैसा हातीं येईल त्या आठवड्यांत मात्र चुकवूं नये.

दोन गोष्टींविषयीं सावध करणें अवश्य आहे. रोज पुष्कळ पिणाऱ्यानें एकाएकीं दारू बंद केल्यास पहिल्या दोन-चार दिवसांत हात कांपणें, भास होणें, झटके येणें असे प्रकार होऊन प्राणावर बेतूं शकतें. याकरितां आधीं डॉक्टरांस दाखवावें, मग सभा. दुसरें, ‘पिणाऱ्यास न कळतां दारू सोडवा’ अशा जाहिरातींस भुलून जेवणांत पूड मिसळूं नये. अशा पुडींत डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो मनुष्य प्याला, तर रक्तदाब एकदम उतरून मृत्यूही येऊं शकतो. हें औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीं व घेणाऱ्याच्या संमतीनेंच द्यावयाचें असतें.

नाणे किंवा पवन मावळांतील आंतल्या गांवांस रात्रीं परत येण्याची सोय नसते. त्यांस उपाय असा कीं, दारू सोडूं इच्छिणारे दोन-तीन जण एकत्र बसले तरी त्या मंडळींच्या नियमाप्रमाणें सभा होऊं शकते. जुन्या सभासदास बोलावल्यास तो येऊन घडी बसवून देतो. त्यासाठीं शाळेची खोली किंवा देवळाची ओसरी मिळवून देणें गांवच्या पुढाऱ्यांस कठीण नाहीं. थोडेंसें भाडें मात्र घ्यावें; फुकट जागा हे लोक घेत नाहींत.