टाउनशिपचे झोनिंग आणि उसना अधिकार

विकास आराखड्यात जमिनीवर कोणता रंग पडला यावर तिचा भाव आणि भवितव्य कसे ठरते, हे महाराष्ट्रातील वाचकाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. जमिनीचे विभाग पाडून कोठे काय बांधावे हे ठरवणारी ही नियमपद्धती, म्हणजेच झोनिंग, घरांना कारखान्यांच्या धुरापासून आणि गोंगाटापासून दूर ठेवण्यासाठी व रस्ते, पाणी, शाळा यांचा मेळ राखण्यासाठी निर्माण झाली, आणि तो हेतू रास्तच आहे. परंतु त्याच नियमांनी माणसांनाही वेगळे काढता येते, आणि तसे करण्याचा अधिकार गावाला आहे काय, याचा सखोल विचार अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल या टाउनशिपच्या निमित्ताने झाला. तेथील टाउनशिप म्हणजे बिल्डरने उभारलेली वसाहत नव्हे, तर निर्वाचित मंडळ असलेली स्थानिक स्वराज्य संस्था. आज अनेक मराठी कुटुंबे राहतात ती एडिसन हीदेखील अशीच एक टाउनशिप आहे.

अमेरिकेत झोनिंगला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती 1926 साली, ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात. गावाच्या नियमांमुळे आपल्या 68 एकर जमिनीची किंमत कोसळली, ही अ‍ॅम्बलर रिअल्टी कंपनीची तक्रार न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळली आणि लोकांचे आरोग्य, सुरक्षितता व सर्वसाधारण कल्याण यांसाठी नियम करण्याच्या राज्याच्या अंगभूत शक्तीत झोनिंग बसते, असे ठरवले. खालच्या न्यायालयात 1924 साली कंपनीच्या बाजूने निकाल देणारे न्यायाधीश डेव्हिड वेस्टेनहेव्हर यांनी मात्र अशा नियमांची अंतिम परिणती लोकांची उत्पन्नानुसार विभागणी करण्यात होईल, हे स्पष्टपणे नोंदवले होते. त्यांचा निकाल टिकला नाही, पण भाकीत खरे ठरले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, नियम करण्याची ही शक्ती मूळची राज्याची आहे आणि गावाला ती कायद्याने केवळ सोपवलेली आहे. न्यू जर्सीत तर त्यासाठी 1927 साली राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली होती.

माउंट लॉरेलच्या नियमांत या सोपवलेल्या अधिकाराचे काय झाले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. कॅम्डेन शहरापासून सात मैलांवरील या 22 चौरस मैलांच्या शेतीप्रधान टाउनशिपची लोकसंख्या 1950 साली 2,817 होती, ती 1970 साली 11,221 झाली. तिच्या 1964 च्या नियमावलीने सुमारे 29 टक्के जमीन उद्योगांसाठी राखली, परंतु प्रत्यक्षात उद्योगांनी व्यापलेली जमीन जेमतेम 100 एकर होती. निवासी विभागांत केवळ एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरालाच परवानगी होती, आणि त्यांपैकी एका विभागात भूखंड किमान 20,000 चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे अठरा गुंठ्यांचा, असावा लागे. पुढे मोठ्या नियोजित वसाहतींत सदनिकांना मुभा मिळाली तेव्हा तिच्यासोबत आलेल्या अटी तर थक्क करणाऱ्या होत्या : एका शयनगृहाच्या सदनिकेत शाळकरी वयाचे एकही मूल राहू नये, दोन शयनगृहांच्या सदनिकेत दोनांहून अधिक नसावीत, आणि दर सदनिकेमागे सरासरी 0.3 हून अधिक मुले गावच्या शाळेत आली, तर जादा मुलांच्या शिक्षणाचा खर्च विकासकाने भरावा. शाळांचा खर्च मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून भागत असल्यामुळे कारखाना हवा, पण मूल नको, असा हा हिशेब होता. नगररचनेच्या नावाखाली केलेल्या या करनियोजनाला नगररचना म्हणणेच कठीण आहे.

या हिशेबात सर्वप्रथम भरडले गेले ते बाहेरचे कोणी नव्हे, तर गावचेच जुने रहिवासी. टाउनशिपच्या स्प्रिंगव्हिल भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबे मोडकळीस आलेल्या घरांत, काही तर कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांचे रूपांतर केलेल्या खोल्यांत, राहत होती. त्यांच्यासाठी 36 सदनिका बांधण्याचा प्रस्ताव 1970 साली टाउनशिपने नाकारला, आणि एथेल लॉरेन्स या शिक्षिका व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायालयाचा मार्ग धरला.

या प्रकरणाचे खरे नायकत्व लॉरेन्स यांच्याइतकेच न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांच्याकडे जाते, आणि त्यांचे नाव विधिवर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसावे ही खेदाची गोष्ट आहे. ग्लॉस्टर टाउनशिपने फिरत्या घरांच्या वसाहतींवर घातलेली सरसकट बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली वैध ठरवली, तेव्हा हॉल यांनी भिन्नमत लिहून, गावांना नकोशा माणसांविरुद्ध तटबंदी उभारण्यासाठी हा अधिकार दिलेला नाही, असे बजावले होते. तेरा वर्षांनी, 24 मार्च 1975 रोजी, माउंट लॉरेलचा निकाल त्यांनीच लिहिला आणि हे भिन्नमत राज्याचा कायदा बनले. त्यांचा युक्तिवाद असा की, अधिकार राज्याचा असल्यामुळे तो वापरताना ज्या सर्वसाधारण कल्याणाचा विचार करायचा ते गावाच्या वेशीपाशी संपत नाही, आणि म्हणून प्रत्येक विकसनशील नगरपालिकेने आपल्या परिसराला लागणाऱ्या परवडणाऱ्या घरांपैकी न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. निर्णय राज्याच्या घटनेवर आधारलेला असल्याने संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टाउनशिपची डाळ शिजली नाही.

निकालाच्या अंमलबजावणीत टाउनशिपने दाखवलेली कंजुषी मात्र उद्वेगजनक होती : तिने नव्या विभागांसाठी अवघे वीस एकर, म्हणजे एकूण जमिनीच्या पाव टक्क्याहूनही कमी क्षेत्र काढून दिले आणि त्यातील काही भाग पुराच्या पाण्याखाली जाणारा होता. त्यामुळे 1983 साली मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेन्ट्झ यांच्या न्यायालयाने, जी गावे वाटा नाकारतात त्यांच्याविरुद्ध दावा जिंकणाऱ्या विकासकाला परवडणाऱ्या घरांसह बांधकामाची परवानगी मिळावी, असा कठोर उपाय दिला. विधिमंडळाने 1985 साली कायदा करून स्वतंत्र परिषद नेमली. परंतु गावांना आपला निम्मा वाटा पैसे देऊन दुसऱ्या शहरावर ढकलण्याची जी सवलत त्यात होती, ती 2008 साली रद्द होईपर्यंत मूळ तत्त्वालाच सुरुंग लावत राहिली.

गावच्या विहिरी, पूररेषा आणि रस्ते गावकऱ्यांनाच नीट कळतात, हा स्थानिक स्वायत्ततेचा दावा खोटा नाही, आणि न्यायालयानेही तो कधी नाकारला नाही. परंतु नव्या घरांमुळे गुन्हे वाढतील व घरांचे भाव पडतील ही जी भीती वर्षानुवर्षे पुढे केली गेली, तिची कसोटी माउंट लॉरेलमध्येच लागली : 1994 साली निधन पावलेल्या लॉरेन्स यांच्या नावाची वसाहत 2000 साली उघडली, आणि समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यांपैकी काहीही घडल्याचे आढळले नाही. त्यामुळे पाणी, पूर वा रस्त्यांचे कारण सांगणाऱ्या प्रत्येक नियमाचा आदर करावा, पण ज्याचे कारण केवळ शेजारी कोण नको एवढेच आहे तो नियम गावाच्या मंडळाने कितीही मतांनी संमत केला, तरी त्याला कायद्याचे बळ देऊ नये, हीच या खटल्याची शिकवण आहे, आणि जेथे जेथे जमिनीवर रंग टाकले जातात तेथे ती लागू पडते.