नावासाठी किती मोजायचं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांची ॲडमिट पत्रं येऊ लागतात. एमएससाठी सात-आठ ठिकाणी अर्ज टाकलेल्या मुलाच्या हाती तीन-चार होकार पडले की आधी पेढे वाटले जातात आणि मग खरी पंचाईत सुरू होते. आईवडील, मामा, क्लासवाले, आधीच तिकडे गेलेले सीनियर असे सगळे मिळून एकच प्रश्न विचारतात: यातलं रँकिंगमध्ये वर कोणतं? माझ्या मते हा प्रश्न अर्ज कुठे करायचे हे ठरवताना ठीक आहे. होकार हातात आल्यावर मात्र तो बाजूला ठेवावा. तोवर त्याचं काम झालेलं असतं, आणि त्याच्या भरवशावर वीस लाख जादा मोजणं बहुतेक घरांना परवडणारं नसतं.

रँकिंग नेमकं काय मोजतं ते आधी पाहू. सर्वांच्या तोंडी असलेल्या क्यूएस यादीत 2024च्या आवृत्तीपासून 45 टक्के गुण निव्वळ लौकिकाचे आहेत: 30 प्राध्यापकांच्या मतांचे, 15 नोकरी देणाऱ्यांच्या मतांचे. आणखी 20 टक्के शोधनिबंधांच्या संदर्भांवरून ठरतात. हे सगळं पूर्ण विद्यापीठाचं. तुम्ही ज्या विभागात दोन वर्षं काढणार, तिथे हवा तो विषय पुढच्या सत्रात शिकवला जाणार का, हे त्यात कुठेच दिसत नाही. शिवाय काही याद्यांसाठीची माहिती विद्यापीठं स्वतःच पुरवतात. 2022 साली कोलंबिया विद्यापीठातल्याच मायकल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकांनी आपल्या संस्थेने दिलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं, आणि यूएस न्यूजच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून थेट अठराव्यावर आलं. एवढ्यात तिथलं शिकवणं काही बिघडलं नव्हतं.

नामांकित ठिकाणची मुलं पुढे जास्त कमावतात हे मात्र खरं. पण ते श्रेय संस्थेचं की मुलांचं? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा गुंता मोठ्या हुशारीने सोडवला. 1976मध्ये कॉलेजात शिरलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी ज्यांना सारख्याच दर्जाच्या संस्थांकडून होकार आणि नकार मिळाले होते, त्यांचीच त्यांनी आपसात तुलना केली. म्हणजे अनेक ऑफर हातात असलेल्या मुलांचाच हा अभ्यास! मोठ्या नावाच्या जागी गेलेले आणि होकार असूनही साध्या जागी गेलेले, दोघांच्या पुढच्या कमाईत सरासरीने फारसा फरक आढळला नाही. ज्या कुवतीमुळे होकार मिळाला, ती मुलाबरोबर दुसऱ्या विद्यापीठातही जातेच.

याला जोरदार उत्तर 2023 साली आलं. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीगच्या आठ आणि तशाच आणखी चार संस्थांचा अभ्यास केला. मोठ्या सरकारी विद्यापीठांच्या तुलनेत तिथे शिकल्याने सरासरी कमाई जवळपास तेवढीच राहते, पण सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. तेव्हा नाव पोकळ असतं असं म्हणून चालणार नाही. पण हा लाभ त्या बारा दारांचा आहे. आपल्याकडच्या घरांत वाद चालतो तो बहुधा साठाव्या आणि एकशेविसाव्या क्रमांकात, आणि तो फरक पुण्यातल्या एचआरलाही ठाऊक नसतो. हे दोन्ही अभ्यास अमेरिकन पदवी विद्यार्थ्यांचे आहेत, एमएसचे नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. तरीही ‘मोठं नाव म्हणजे मोठा पगार’ हे गृहीत धरण्याआधी थांबायला ते पुरेसे आहेत.

किमतीचं गणित त्यामानाने सरळ आहे. वीस लाखांचं जादा कर्ज, 11 टक्के व्याज आणि दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता साडेसत्तावीस हजारांच्या घरात जातो आणि एकूण परतफेड 33 लाखांवर. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. खर्चाचा अंदाज वाचतानाही तो किती महिन्यांचा आहे ते बघावं. पुष्कळदा तो नऊच महिन्यांचा असतो आणि उन्हाळ्यातलं घरभाडं त्यात धरलेलं नसतं. डॉलरमध्ये पगार सुरू झाला की कर्ज चुटकीसरशी फिटेल, असं यावर सांगितलं जातं. पण तो पगार मिळण्याची मुदत नावावर ठरत नाही. सध्याच्या नियमांनुसार पदवीनंतर बारा महिने काम करता येतं, आणि आणखी चोवीस महिने मिळतात ते अभ्यासक्रमाचा सरकारी कोड ‘स्टेम’ यादीत असेल तरच. साध्या अर्थशास्त्राचा कोड 45.0601 त्या यादीत नाही. अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा 45.0603 आहे. दोन विद्यापीठांचे जवळपास सारखेच अभ्यासक्रम या एका आकड्यामुळे दोन वर्षांनी वेगळे पडू शकतात. हा कोड आय-ट्वेंटीवर छापलेला असतो, पण तो फॉर्म बहुधा ऑफर स्वीकारल्यावरच हाती येतो, म्हणून आधीच ईमेल करून विचारावं.

माझ्या युक्तिवादाला सर्वांत बोचरा आक्षेप डेल आणि क्रूगर यांच्याच निष्कर्षांत आहे. गरीब घरातून आलेल्या मुलांना नामांकित संस्थेचा फायदा झालेला त्यांना दिसला; पुढच्या अभ्यासात कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांबाबतही तेच आढळलं. कारण उघड आहे. ज्याच्या ओळखीत कोणी इंजिनियरही नाही, त्याला संस्था ओळखी मिळवून देते. परभणीच्या शेतकऱ्याची घरातली पहिली पदवीधर मुलगी आणि दोन्ही पालक आयटीत असलेला कोथरूडचा मुलगा यांना म्हणूनच एकच सल्ला देता येत नाही. तिने नावासाठी थोडं जास्त मोजलं तर ते मला पटेल. गंमत अशी की तसं मोजण्याची ऐपत बहुधा त्याच्याच घरी असते. त्यामुळे तिच्यासाठी खरी झुंज असते ती असिस्टंटशिप किंवा शिष्यवृत्ती मिळवण्याची.

तिथे एक तारीख उपयोगी पडते: 15 एप्रिल. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक साहाय्याच्या ऑफरवर या तारखेआधी उत्तर देण्याची सक्ती करत नाहीत. नुसत्या प्रवेशाच्या पत्राला हे संरक्षण नाही. तिथे मुदत विद्यापीठ ठरवतं, पण दुसरीकडच्या साहाय्याचा निर्णय व्हायचा आहे असं कळवून ती वाढवून मागायला हरकत नसते. डिपॉझिट भरण्याची घाई त्याआधी करू नये, कारण ते सहसा परत मिळत नाही.