परका ठरविण्याची रीत

फॅसिझम हा शब्द इतका सैलपणे वापरला जातो की, त्याची धार बोथट झाली आहे. न आवडलेला कोणताही पुढारी फॅसिस्ट ठरतो आणि मग खरी तुलना करू पाहणाऱ्यावरही अतिशयोक्तीचा आरोप येतो. जर्मनीत स्थलांतरितांविरुद्ध आज जी भाषा बोलली जाते, तिच्याबाबत हेच घडते. छळछावण्या कुठे आहेत, असा प्रतिप्रश्न केला की वाद मिटला असे मानण्यात येते. परंतु छळछावणी हा नाझी राजकारणाचा प्रारंभ नव्हता.

२४ फेब्रुवारी १९२० रोजी म्युनिकच्या एका बिअरगृहात हिटलरने पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम वाचून दाखविला. त्यात संहाराचे नाव नाही. जर्मन रक्ताचा तोच नागरिक, हे चौथे कलम. इतरांनी पाहुणे म्हणून राहावे, हे पाचवे. सर्वांना पोसणे राज्याला अशक्य झाले तर परकीयांना घालवून द्यावे, असे सातवे सांगते. आणि आठवे त्याहून नेमके. २ ऑगस्ट १९१४ नंतर आलेल्या जर्मनेतरांना देश सोडण्यास भाग पाडावे! पराभवाने व महागाईने पिचलेल्या श्रोत्यांना हे राक्षसी वाटले नसावे; व्यवहारीच वाटले असावे.

पुढे सत्ता आल्यावर कामाला लागले ते दफ्तर. १४ जुलै १९३३ च्या कायद्याने, महायुद्धानंतर ज्यांना नागरिकत्व मिळाले होते त्यांपैकी 'अनिष्ट' व्यक्तींचे ते काढून घेण्याची सोय झाली. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वच संपविले. ऑक्टोबर १९३८ मध्ये सुमारे सतरा हजार पोलिश ज्यूंना घराबाहेर काढून सीमेपार हाकलण्यात आले. १९३३ साली ज्यूंचे प्रमाण लोकसंख्येत एक टक्क्याहूनही कमी होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. भयाला संख्येचा आधार लागत नाही.

आता आजचा शब्द पाहा: 'रेमिग्रेशन', म्हणजे परत पाठवणी. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोट्सडामजवळ झालेल्या एका बैठकीचे वृत्त जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लाखो जर्मन रस्त्यावर उतरले. तेथे नेमके काय बोलले गेले, यावर न्यायालयांत वाद झाला. तथापि या विचाराचे प्रचारक मार्टिन झेल्नर यांच्या मांडणीत आश्रयार्थी आणि परकीय रहिवासी यांच्यापुढे तिसरा गटही आहे: समाजात 'न मिसळलेले' नागरिक. 'जर्मनीसाठी पर्याय' हा पक्ष म्हणतो की, आपली मागणी कायद्याच्या चौकटीतलीच आहे. पण हा शब्द त्याने टाकला नाही. जानेवारी २०२५ च्या अधिवेशनात नेत्या अलिस वायडेल यांनी तो व्यासपीठावरून उच्चारला, आणि फेब्रुवारीच्या निवडणुकीत पक्षाला २०.८ टक्के मते पडली.

याच पक्षाचे ब्यॉर्न हॉके यांना नाझींच्या तुफानी दलाची घोषणा भाषणात दिल्याबद्दल मे २०२४ मध्ये तेरा हजार युरो दंड झाला. ती घोषणा कोणाची होती हे ठाऊक नव्हते, असा त्यांचा बचाव होता. हे गृहस्थ पेशाने इतिहासाचे शिक्षक!

अर्थात १९२० आणि आज यांत फरक आहे, आणि तो लहान नाही. आज त्या देशात खासगी सेना नाही, न्यायालये स्वतंत्र आहेत, आणि १९४९ च्या राज्यघटनेचे सोळावे कलम सांगते की, जर्मन नागरिकत्व हिरावून घेता येणार नाही. साम्य आहे ते एकाच ठिकाणी, पण तेच मर्मस्थान आहे: नागरिक हा नागरिक म्हणून पक्का की वर्तनाच्या परीक्षेपुरता? हा प्रश्न आता कडव्यांपुरताही उरलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये, तेव्हा विरोधी पक्षनेते असलेले फ्रीडरिश मेर्त्स यांनी, दुहेरी नागरिकत्व असलेल्यांनी गुन्हे केल्यास त्यांचे जर्मन नागरिकत्व काढण्याची सूचना केली. गुन्हेगाराला शिक्षा हवी, यात दुमत नाही. मात्र त्याच गुन्ह्यासाठी एकाला तुरुंग आणि दुसऱ्याला तुरुंगासह देशत्याग, अशी विभागणी तिच्यातून होते.

त्याच घटनेत ११६ वे कलम आहे. १९३३ ते १९४५ या काळात वंश, धर्म किंवा राजकीय मतांवरून ज्यांचे नागरिकत्व गेले, त्यांना व त्यांच्या वंशजांना ते परत मागता येते. इस्राएल, ब्रिटन, अमेरिका येथून असे अर्ज आजही जर्मन कचेऱ्यांत येतात. अर्जदार बहुधा नातवंडे किंवा पतवंडे असतात.