इचनकाठची निसर्गफेरी

दक्षिण इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातून वाहत साउदॅम्प्टनजवळ समुद्राला मिळणारी इचन ही जेमतेम ४५ किलोमीटर लांबीची नदी असली, तरी खडूच्या खडकातून उगम पावणाऱ्या नद्यांमध्ये तिचे स्थान फार वरचे आहे. जगात अशा नद्या मोजक्याच असून त्यांपैकी सुमारे ८५ टक्के एकट्या इंग्लंडमध्ये आहेत. उन्हाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टच्या दरम्यान, वन्यजीवसंवर्धनाचे काम करणाऱ्या संस्था आणि स्थानिक नदीप्रेमी गट या नद्यांच्या काठाने जाणकार मार्गदर्शकासह निसर्गफेऱ्या काढतात. या फेरीचा वेग अतिशय कमी असतो आणि तो तसाच असायला हवा. कारण येथे पाहण्याजोगे बरेचसे बोटाच्या पेराहून लहान असते, आणि ज्याच्यावर सारे अवलंबून आहे ते टेकड्यांच्या पोटातील पाणी तर डोळ्यांना दिसतच नाही.

ते न दिसणारे पाणी समजावून देणे हे मार्गदर्शकाचे पहिले काम. खडूचा खडक म्हणजे क्रिटेशस कालखंडातील समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची चुनखडीची कवचे तळाशी थरावर थर साचून तयार झालेला मऊ, पांढरा चुनखडक होय. या खडकावर पडलेले पावसाचे पाणी वाहून न जाता आत मुरते, भेगांमधून सावकाश उतरते आणि भूजलाची पातळी जेथे जमिनीला टेकते तेथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. उन्हाळी पावसाचा मोठा भाग वनस्पती आणि बाष्पीभवन यांतच खर्ची पडत असल्यामुळे भूगर्भातील साठा भरतो तो मुख्यतः हिवाळ्यात. जूनमध्ये काठावर उभे राहून जो प्रवाह पाहायचा, त्याचा भरणा आधीच्या हिवाळ्यांनी केलेला असतो. झऱ्याच्या मुखाशी हे पाणी बारमाही १० ते ११ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, म्हणजे भर उन्हात ते गार लागते आणि कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. काही प्रवाहांच्या वरच्या टप्प्यात भूजल उतरले की पात्र कोरडे पडते आणि पातळी चढली की ते पुन्हा वाहू लागते; अशा हंगामी प्रवाहाला तेथे ‘विंटरबोर्न’ म्हणतात.

इचनकाठच्या विंचेस्टर शहराच्या परिसरात फेरी शक्यतो प्रवाहाच्या उलट दिशेने नेणे सोयीचे ठरते, कारण ट्राउट मासे प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतात आणि माणसे त्यांच्या मागून आल्यास ती चटकन त्यांच्या नजरेस पडत नाहीत. पाण्यावरील चकाकी कापणारा, ध्रुवीकृत काचांचा चष्मा डोळ्यांवर चढवला की तळाची गारगोट्यांची खडी, तिच्यावर पडलेली माशाची सावली आणि मग त्या सावलीवरचा मासा, अशा क्रमाने नदी उलगडत जाते. मधूनमधून रॅननक्युलस प्रजातीतील पाणवनस्पतीचे लांब हिरवे झुपके प्रवाहात डुलत असतात आणि त्यांची पिवळ्या केंद्राची पांढरी फुले पाण्याच्या जरा वर उमललेली असतात. हे झुपके केवळ शोभेचे नाहीत. ते पाणी अडवून त्याची पातळी वर ठेवतात, दोन झुपक्यांमधल्या अरुंद वाटेने पाणी वेगाने धावते आणि त्या वेगाने तळाची खडी गाळापासून मुक्त राहते, जी हिवाळ्यात अंडी घालणाऱ्या ट्राउट आणि सॅमन माशांना अत्यावश्यक असते.

फेरीतील सर्वांत मोलाचा भाग मात्र पांढऱ्या ट्रेभोवती घडतो. मार्गदर्शक गुडघाभर पाण्यात उतरून चौकटीची जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला टेकवतो आणि तिच्यासमोरील खडी पायाने ढवळतो. खडीतून सुटलेले जीव प्रवाहाबरोबर जाळीत येतात. नदीकाठचे स्वयंसेवक दर महिन्याला करतात त्या नोंदणीत हे ढवळणे तीन मिनिटांचे असते, त्यानंतर दगड हाताने उलटून पाहिले जातात आणि ठरावीक आठ गटांतील जीवांची मोजणी होते. ट्रेमध्ये ओतलेला ऐवज प्रथम निव्वळ कचरा वाटतो. मग एखादी काडी चालू लागते, आणि ती काडी नसून रेशमी धाग्याने वाळूचे कण जोडून बांधलेल्या नळीत राहणारी कॅडिस या कीटकाची अळी असल्याचे कळते. कोळंबीचे दूरचे नातलग शोभणारे गॅमरस कुशीवर पोहत असतात, आणि त्यांतला मोठा नर पुष्कळदा लहान मादीला धरूनच फिरत असतो. तीन शेपट्या असतील तर सहसा मेफ्लायचे पिल्लू, दोन असतील तर स्टोनफ्लायचे, एवढी एक खूण ठाऊक झाली तरी पाहणारा ट्रेवरून मान वर करत नाही. प्रदूषणाचा फटका या जीवांना आधी बसतो, त्यामुळे एखाद्या गटाची संख्या ठरलेल्या मर्यादेखाली घसरली की पर्यावरण खात्याला तशी सूचना दिली जाते. नदीचे आरोग्य जाणण्याची इतकी सोपी आणि तरी इतकी शिस्तबद्ध रीत क्वचितच आढळेल, आणि ती सामान्य नागरिकांच्या हाती असणे ही फार मोठी गोष्ट आहे.

मेअखेर आणि जूनच्या आरंभी डॅनिका जातीचे मोठे मेफ्लाय हवेत दिसू लागतात. त्यांची पिल्ले गाळात बिळे करून साधारणपणे दोन वर्षे काढतात, पंख फुटल्यावरही एकदा कात टाकतात (हे वैशिष्ट्य आजच्या कीटकांत फक्त मेफ्लायच्या गणात आढळते), आणि प्रौढ झाल्यावर काही खाऊ न शकणारे हे जीव मीलन व अंडी घालणे उरकून एकदोन दिवसांत मरतात. काठावरच्या गवतात वॉटर व्होल या गुबगुबीत, आखूड तोंडाच्या कृंतकाचा माग काढायचा तर प्राण्याऐवजी तिरक्या कापलेल्या देठांचे ढीग शोधावे लागतात. अमेरिकेतून आलेल्या मिंक या शिकारी प्राण्याने त्याची संख्या देशभर झपाट्याने घटवली आहे.

ही नदी माणसाचा हात न लागलेली आहे असे मात्र मुळीच नाही. तिच्याभोवतीची कुरणे काही शतके पाटांच्या जाळ्यातून हेतुपुरस्सर भिजवली जात, म्हणजे वसंतात गवत लवकर येई. पाणवनस्पतींची कापणी आजही ठरलेल्या तारखांना होते. घातक आहे तो अलीकडचा हस्तक्षेप: घरगुती पुरवठ्यासाठी होणारा उपसा, सांडपाण्यातील फॉस्फेट, शेतातून येणारा गाळ. इचन आणि शेजारच्या टेस्ट नदीवरील उपशाच्या परवान्यांवर २०१९ मध्ये कडक मर्यादा आल्या, आणि हा निर्णय खूप आधी व्हायला हवा होता.

फेरी संपल्यावर बूट, जाळी आणि ट्रे घासून, धुऊन पूर्ण वाळवणे बंधनकारक असते. इचनच्या वरच्या भागात पांढऱ्या नांग्यांचा देशी क्रेफिश अजून तग धरून आहे, तर अमेरिकन सिग्नल क्रेफिशबरोबर आलेला बुरशीसदृश रोग त्याच्यासाठी प्राणघातक ठरतो आणि ओल्या बुटाच्या तळव्यावरूनही एका नदीतून दुसरीत पोहोचू शकतो. म्हणून ज्याचे बूट ओले आहेत त्याला त्या दिवशी दुसऱ्या नदीत उतरू दिले जात नाही.