स्टालिनग्राडचा पोवाडा आणि तुमसरचा ऑगस्ट : अलीकडील लोकगायनाचें साधनमूल्य

पोवाडा हें इतिहासाचें साधन आहे, हें आतां नव्यानें सिद्ध करण्याचें कारण उरलेलें नाहीं. अगिनदासाचा अफजलखानवधाचा व तुळसीदासाचा सिंहगडाचा हे पोवाडे अभ्यासकांच्या नित्य परिचयाचे आहेत. ऑक्वर्थ व शाळिग्राम यांचा संग्रह १८९१ सालीं निघाला व त्यानंतर श्री. य. न. केळकर यांनीं ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला भाग १९२८ सालीं प्रसिद्ध केला. परंतु संग्राहकांची दृष्टि बहुधा पेशवाईच्या अखेरीस थांबते. विसाव्या शतकांत सर्व जग दोन पक्षांत विभागलें असतां आपल्या शाहिरांनीं जें गाइलें, त्याच्या चोपड्या रद्दींत जात आहेत. या गाण्यांपासून इतिहासास काय मिळतें व काय मिळत नाहीं, हें भंडारा जिल्ह्याच्या उदाहरणानें येथें थोडक्यांत दाखवावयाचें आहे.

प्रथम मर्यादा सांगितली पाहिजे. तुळसीदासाच्या पोवाड्यांत घोरपडीच्या साह्यानें कडा चढल्याची कथा येते. १६७० च्या त्या रात्रीं काय घडलें याचा पुरावा म्हणून ती कथा दुर्बल आहे. मात्र ऐकणारांस तानाजीचें शौर्य कोणत्या रूपांत पटत होतें याचा ती उत्तम पुरावा आहे. पोवाडा घटनेचा साक्षी क्वचित असतो, श्रोत्यांच्या मनाचा साक्षी तो नेहमींच असतो. हा भेद ज्यानें पाळला नाहीं, तो पोवाड्यावर एक तर अंधविश्वास ठेवील किंवा त्यास टाकून देईल; आणि दोन्ही सारखेच हानिकारक होय.

आतां दुसऱ्या महायुद्धाकडे वळूं. स्टालिनग्राडचा वेढा २ फेब्रुवारी १९४३ रोजीं जर्मन सेनेच्या शरणागतीनें संपला. त्याच वर्षीं अण्णा भाऊ साठे यांनीं ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. मुंबईच्या गिरणगांवांत वाढलेल्या या शाहिरानें व्होल्गाकांठचें रण मराठी कामगारास आपलेंसें करून दिलें. पुढें १९४४ सालीं अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनीं ‘लाल बावटा’ कलापथक उभारलें. शिवकालीन वीरास वाहिलेलें डफतुणतुण्याचें गायन रशियन सैनिकास वाहिलें जावें, ही एकच गोष्ट त्या काळाचें अंतरंग पुष्कळसें उघड करते.

परंतु गाणें जें बोलतें त्याइतकेंच तें जें बोलत नाहीं, तेंही तपासावें. जून १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावर चाल केल्यावर कम्युनिस्ट पक्षानें युद्धास ‘लोकयुद्ध’ मानिलें. उलट ८ ऑगस्ट १९४२ रोजीं काँग्रेसनें ‘छोडो भारत’चा ठराव केला व तिचे पुढारी तुरुंगांत गेले. त्याच ऑगस्टांत भंडारा जिल्ह्यांतील तुमसर येथें जमावावर गोळीबार होऊन माणसें पडलीं. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जर्मन सेना स्टालिनग्राडच्या वेशीशीं पोंचली. एका महिन्यांत दोन रणें झालीं. मुंबईच्या कामगारवस्तींत एकाचा पोवाडा झाला. दुसऱ्याची आठवण गांवोगांवच्या हुतात्मास्मरणांत राहिली. जो केवळ पहिलें वाचील त्यास तो काळ एकमुखी वाटेल. तो तसा नव्हता. एकाच देशांतील दोन प्रामाणिक निष्ठा त्या वेळीं परस्परांसमोर उभ्या होत्या.

तुमसर हें या विषयांत आडवळणाचें गांव नव्हे. त्याच्या परिसरांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. पोलाद करण्यास मँगनीज लागतें व पोलादावांचून आधुनिक युद्ध नाहीं. म्हणजे ज्या खाणकामगारानें यूरोपचा नकाशा कधीं पाहिला नसेल, त्याचा रोजगारही जगाच्या बाजाराशीं बांधलेला होता. याच मुलुखांत दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्रीं दंडार व खडी गंमत होते. खडी गंमतींत उभ्यानें खेळ चालतो; पुरुषच स्त्रीवेष घेतो, आणि संवाद बरेचसे जागच्या जागीं जुळविले जातात. म्हणून महागाई, सरकार, युद्ध यांवरील टोमणा तींत सहज शिरूं शकतो. दुर्दैव असें कीं, जें जागच्या जागीं जुळतें तें कागदावर फारसें उतरत नाहीं.

पुढचें उदाहरण १९६२ चें. लाल बावट्याखालीं वाढलेल्या अमर शेखांनीं चिनी आक्रमणाच्या वेळीं देशरक्षणार्थ जनजागृतीचें गायन केलें. २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लींत लता मंगेशकर यांनीं कवि प्रदीप यांचें हुतात्म्यांविषयींचें हिंदी गीत सी. रामचंद्र यांच्या चालींत गाइलें, आणि आकाशवाणीनें तें घरोघर नेलें. लगेच १९६४ सालीं भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथें संरक्षण खात्याचा दारुगोळ्याचा कारखाना उभा राहिला. हिमालयावरील युद्धाचा पडसाद एकीकडे गाण्यांत, दुसरीकडे जिल्ह्याच्या भूमीवर उमटला. दोहोंस जोडून वाचणें हेंच संशोधकाचें काम.

संग्राहकांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. चोपडीचें मुखपृष्ठ फाडून टाकूं नये. छापखाना, किंमत व साल बहुधा तेथेंच असतें. पदावर ‘चाल’ म्हणून एखादें चित्रपटगीत दिलें असेल, तर तें पद त्या चित्रपटाच्या आधींचें नव्हे, हें निश्चित समजावें. तसेंच हिटलरच्या नाशाविषयीं मौन पाळणारी युद्धगीतें मे १९४५ पूर्वींचीं असण्याचा संभव अधिक. मात्र हें अनुमान इतर पुराव्यानें ताडून पाहावें. खडी गंमतीच्या वृद्ध कलावंतांकडून पदें उतरवून घेतांना ती कोणत्या मंडईंत, कोणत्या वर्षीं, कोणापुढें गाइलीं हेंही विचारावें. पाठभेद आढळल्यास एकच शुद्ध पाठ ठरविण्याच्या नादीं न लागतां दोन्ही नोंदवावे. मोडी कागद दोनशें वर्षें टिकला. खेळाचें पद मात्र गाणारा गेला म्हणजे त्याच्याबरोबर जातें.